वचनांची नोंदवही : मिरज पूर्व भागातील एका गावाचे काम

निवडणुकीच्या प्रचारात दिलेली वचने लिहून ठेवावीत आणि निवडून आलेल्यांकडे त्यांचा कागदोपत्री हिशेब मागावा, असे आम्ही गावातील काही जणांनी ठरवले. नमुना म्हणून समोर काही नव्हते. दुसऱ्या गावात हे काम हाती घेणाऱ्यांचा वेळ वाचावा, यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. गावाचे व व्यक्तींचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण नाव आले की चर्चा वचनावरून माणसावर जाते.

५ जानेवारी २०२५. पत्रके मिळवणे

आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक डिसेंबर २०२२ मध्ये झाली आणि सरपंच थेट मतदारांतून निवडले गेले. प्रचारात दोन्ही पॅनेलांनी छापील जाहीरनामे वाटले होते, पण दोन वर्षांनंतर शोधायला गेलो तेव्हा ते कोणाच्याही घरी सापडेनात. व्हॉट्सॲपवरील समूह निकालानंतर बंद झाले होते. शेवटी मिरजेतील ज्या छापखान्यात पत्रके छापली गेली, तेथील संगणकात मूळ मजकूर मिळाला आणि मालकांनी मागची-पुढची दोन्ही पाने छापून दिली. प्रचारसभेतील भाषणाचे चित्रीकरण एका मांडववाल्याच्या मोबाइलमध्ये होते. त्यात सरपंचांनी वस्तीवर पाणी आणण्याची मुदत स्वतःच्या तोंडाने सांगितलेली आहे.

पुढील निवडणुकीसाठी पहिली सूचना अशी, की पत्रक हाती पडेल त्याच दिवशी त्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवावे आणि खाली छापलेले मुद्रक व प्रकाशक यांचे नाव त्यात स्पष्ट दिसत असल्याची खात्री करावी. विधानसभा व लोकसभा निवडणुकीत लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७ अ प्रमाणे हे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. भाषणाचे चित्रीकरण काटछाट न करता ठेवावे, नाहीतर मागचापुढचा संदर्भ तोडल्याचा आरोप होतो.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत आणि पॅनेल ही कोठेही नोंदलेली संस्था नसते. निकालानंतर काही महिन्यांत आमच्याकडील पॅनेलमधील दोन सदस्य दुसऱ्या गटात गेले, आणि जाहीरनामा नेमका कोणाचा, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत उभा राहिला. ज्यांचे छायाचित्र पत्रकावर आहे आणि जे आज पदावर आहेत, त्यांचा तो जाहीरनामा, असे आम्ही धरले.

१९ जानेवारी. वचने नोंदवहीत उतरवणे

हे काम एका संध्याकाळी होईल असा अंदाज होता. त्याला तीन रविवार लागले. ‘गावाचा सर्वांगीण विकास’ किंवा ‘तरुणांच्या हाताला काम’ अशा ओळी कशानेच मोजता येत नाहीत. काहींचे म्हणणे होते की काम मिळालेले नाही हे उघड दिसते, तेव्हा ‘मोडले’ असे लिहून मोकळे व्हावे. आमच्यातील निवृत्त तलाठी तात्या मात्र अडून बसले. “ज्याची तारीख सांगता येत न्हाई आन् ज्याचा कागद मागता येत न्हाई, ते वहीत घेऊ नका,” असे त्यांनी बजावले. त्या ओळी वेगळ्या पानावर गेल्या आणि मोजता येण्याजोगी वचनेच मुख्य वहीत राहिली. पुढील वर्षभर या निर्णयाचा आम्हाला सर्वाधिक उपयोग झाला.

प्रत्येक वचनासमोर आम्ही लिहिले : वचनाचे मूळ शब्द, ते पूर्ण करण्याचा अधिकार कोणत्या कार्यालयाचा, पैसा कोणत्या निधीतून किंवा लेखाशीर्षातून येऊ शकतो, कागद आज कोठवर गेला आहे आणि त्या टप्प्याची तारीख. ठराव, अंदाजपत्रक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) आणि देयक यांपैकी कोणता कागद झाला आहे, हे कळले की वचनाची खरी अवस्था कळते.

अधिकाराचा रकाना भरताना बरेच काही उलगडले. ‘गावचा पाझर तलाव म्हैसाळच्या पाण्याने भरून घेऊ’ हे पत्रकातील सर्वांत मोठ्या अक्षरांतील वचन होते. म्हैसाळ ही कृष्णेचे पाणी उपसून दुष्काळी भागाला देणारी योजना. तिचे आवर्तन, म्हणजे पाणी केव्हा सोडायचे ते, जलसंपदा विभाग ठरवतो. वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलण्याचे सूत्र आहे, आणि त्या १९ टक्क्यांच्या वसुलीवरून दरवर्षी ओढाताण होते. सरपंचांच्या हाती पाणी सोडणे नाही. मागणीचा ठराव करणे, तो पाठवणे आणि त्याचा पाठपुरावा करणे मात्र आहे. म्हणून वहीत प्रश्न लिहिला तो ‘तलाव भरला का’ असा नाही. ‘मागणीचा ठराव कोणत्या तारखेला झाला व कोणत्या जावक क्रमांकाने गेला’ असा तो लिहिला. दुष्काळी भागात पाणी आश्वासनांनी आलेले नाही. आटपाडीत १९९३ पासून तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, तिच्या मागे ठरावांचा, आकड्यांचा आणि माणसांचा रेटा होता. आमच्या ग्रामपंचायतीने असा एक तरी कागद पाठवला का, हे विचारण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे.

३ फेब्रुवारी. माहिती अधिकाराचा पहिला अर्ज

जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात ग्रामपंचायतीकडे अर्ज केला आणि दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले. अर्जात पाणी, पाणंद (शेतात जाणारा) रस्ता, स्मशानभूमी शेड व पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र या सर्व वचनांची माहिती एकत्र मागितली आणि शेवटी ‘वचने पूर्ण का करण्यात आली नाहीत’ असेही विचारले.

१० मार्च. उत्तर नाही

तीस दिवसांची मुदत संपल्यावर चौकशी केली तेव्हा तोंडी दोन कारणे सांगण्यात आली आणि दोन्हींत तथ्य होते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि मजकूर साधारणपणे दीडशे शब्दांत बसवावा लागतो. शिवाय ‘का’ या प्रश्नाचे उत्तर या कायद्याखाली मागता येत नाही. अस्तित्वात असलेला अभिलेख, म्हणजे कार्यालयातील कागदच मिळतो आणि माहिती अधिकाऱ्याने नवे स्पष्टीकरण तयार करून देणे अपेक्षित नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही मुदतीत लेखी कळवणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य होते, म्हणून वीस रुपयांचे तिकीट लावून प्रथम अपील केले. त्याचबरोबर प्रत्येक विषयाचा स्वतंत्र अर्ज नव्याने दिला. पहिल्या अर्जाच्या रचनेमुळे सव्वा महिना वाया गेला.

नव्या अर्जांतील वाक्ये अशी होती : ‘पाणंद रस्त्याबाबत दि. १ जानेवारी २०२३ पासून आजपर्यंत मासिक सभेत झालेल्या ठरावांच्या साक्षांकित प्रती’, ‘आरओ यंत्राच्या कामाची मोजमाप पुस्तिका व अदा केलेल्या देयकाची प्रत’. कागदाचे नाव आणि कालावधी लिहिला की नकार देणे अवघड जाते. प्रतींचा खर्च पानाला दोन रुपये आहे. आमचा सर्वाधिक पैसा झेरॉक्स आणि रजिस्टर पोस्टावर गेला, तोही वर्षभरात एका सायकलच्या किमतीपेक्षा कमीच भरला.

१७ मार्च. अभिलेख पाहणे

जिल्हा स्तरावरील कार्यालयांत व स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे सामान्य प्रशासन विभागाचे नोव्हेंबर २०१८ चे परिपत्रक आहे. त्याची प्रत सोबत ठेवावी, कारण आमच्याकडे ती पाहिल्यानंतरच धारिका (फाइली) टेबलावर आल्या. शंभर पानांच्या प्रती मागण्यापेक्षा आधी धारिका चाळून नेमकी चार पाने मागणे स्वस्तही पडते आणि लवकरही होते.

याच दिवशी स्मशानभूमीच्या शेडची धारिका पाहिली आणि आमचे मत बदलावे लागले. गावात सर्वांची समजूत होती की सरपंचांनी या कामाकडे ढुंकूनही पाहिले नाही. धारिकेत जनसुविधा योजनेखाली पाठवलेला प्रस्ताव होता, स्मरणपत्रे होती, आणि परत आलेल्या प्रस्तावावर शेरा होता की जागेच्या सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचे नाव नाही. तीन पिढ्या गाव जेथे अंत्यविधी करते ती जमीन कागदावर खाजगी आहे. वहीत या वचनासमोर ‘मोडले’ ऐवजी ‘अडले : जागेचा हक्क’ असे लिहिले आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर तसे जाहीरही केले. ज्याच्यावर आपण ठपका ठेवणार आहोत, त्याच्या बाजूचा कागद सापडला तर तो तितक्याच मोठ्याने वाचला पाहिजे. त्या आठवड्यानंतर सरपंचांचा आमच्याशी बोलण्याचा सूर बदलला.

१ मे. ग्रामसभा

आजची नोंद मोठी आहे, कारण वर्षातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आज घडली.

वस्तीवरील पाण्याचे वचन जलजीवन मिशनशी जोडलेले आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या या योजनेत प्रत्येक घराला नळाने माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे मानक आहे. आमच्या वस्तीवर नळ बसले, तोट्या चकाकतात आणि नोंदीत नळजोडण्या पूर्ण झाल्या आहेत, पण टाकीपासून वस्तीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात पाणी चढत नाही. सरपंचांच्या भाषणातील मुदत उलटून वर्ष झाले. वस्तीवरील बायका आजही शेतातील विहिरीवरून घागरी आणतात.

या योजनेत ‘हर घर जल’ गाव म्हणून नुसते कळवलेले गाव आणि प्रमाणित झालेले गाव, असा भेद आहे, आणि प्रमाणित होण्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. हा ठराव आजच्या विषयपत्रिकेवर होता. आम्हाला ते सात दिवस आधी नोटीस लागली तेव्हाच समजले. प्रत्येक ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. एरवी ती कागदावरच उरकते, पण या वेळी बचत गटाच्या आक्कांनी घरोघरी जाऊन बायका जमवल्या आणि वस्तीवर पाणी आल्याशिवाय प्रमाणपत्राचा ठराव करू नये, असे महिला सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतले.

ग्रामसभेत ठराव वाचला गेला तेव्हा आक्कांनी उठून एवढेच विचारले : “आमच्या नळाला पानी येतंय असं लिवून द्यायचं, तर आधी आमच्या दारात येऊन एक घागर भरून दावा.” कोणीही घोषणा दिल्या नाहीत. हात वर करून मते घेतली गेली आणि ठराव फेटाळला गेला. शेवटच्या टप्प्याची तपासणी उपअभियंत्यांच्या उपस्थितीत करावी, असा दुरुस्ती ठराव सरपंचांनीच मांडला आणि तो एकमताने झाला.

जे गावकरी हे काम करू पाहत आहेत त्यांना आवर्जून सांगतो, की वचनाचा जाब विचारण्यासाठी अशी जागा शोधा जेथे पुढील कागद तुमच्या होकाराशिवाय तयार होत नाही. निवेदने आम्ही आधीही दिली होती आणि त्यांच्या पोचपावत्या आजही फाइलमध्ये आहेत. ग्रामसभेने नाकारलेला एक ठराव त्या सर्वांपेक्षा लवकर वरपर्यंत पोहोचला.

१५ जून. कायद्याने काय करता येते

सांगलीतील एका वकिलांचा सल्ला घेतला. जाहीरनाम्यातील वचन मोडले म्हणून निवडणूक रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात जाहीरनाम्यातील वचने लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३ खालील भ्रष्ट आचरण ठरत नाहीत, असे म्हटले. त्याच निकालात दिलेल्या निर्देशावरून निवडणूक आयोगाने आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयी भाग घातला आणि वचनांमागील कारणमीमांसा व पैसा उभा करण्याचा मार्ग स्थूलमानाने सांगावा, अशी अपेक्षा ठेवली. जुलै २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील मुख्यमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत दिलेले, गरीब भाडेकरूंचे घरभाडे सरकार भरेल हे आश्वासन कायद्याने अंमलात आणण्याजोगे मानले होते, परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. न्यायालयाच्या वाटेवर वेळ घालवू नये, असा निर्णय आम्ही घेतला.

सरपंचांवर अविश्वास आणण्याची सूचनाही आली. थेट निवडलेल्या सरपंचांच्या बाबतीत सदस्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमतानंतर ग्रामसभेत गुप्त मतदान होते. आम्ही ही सूचना बाजूला ठेवली, कारण अविश्वास आला की गाव दोन गटांत विभागले जाते आणि वहीतील एकही काम पुढे सरकत नाही.

आमदारांसंबंधी एक उपयोगी माहिती मिळाली. प्रचारातील भाषणाचा पाठपुरावा करणारी कोणतीही यंत्रणा नाही, पण मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. म्हणून तलावाच्या पाण्याबाबत आमदारांकडे ‘पाणी द्या’ असे न मागता ‘हा प्रश्न सभागृहात विचारा’ असे लेखी मागितले. एकदा मंत्र्यांचे उत्तर कामकाजात नोंदले गेले की ते आश्वासन व्यासपीठावरचे राहत नाही.

२० जुलै. फलकावरून वाद

वहीतील नोंदी चावडीजवळ फलकावर लावल्या. दुसऱ्याच दिवशी विरोधी गटाने ‘अडले’ व ‘सुरू’ या ओळी कापून फक्त ‘सुरू नाही’ एवढ्याच ओळींचे चित्र सर्वत्र पाठवले आणि खाली आपल्या नेत्यांचे छायाचित्र लावले. सरपंचांनी रागाने माहिती देणे थांबवले. आमच्यातील दोघे जण या कामातून बाहेर पडले, आणि ते नुकसान अजून भरून आलेले नाही.

फलक उतरवावा की नाही यावर रात्री उशिरापर्यंत बोललो आणि तो न उतरवता मोठा केला. २०१७ मध्ये निवडून आलेल्या, म्हणजे आजच्या विरोधी गटाच्या जाहीरनाम्यातील वचनेही शेजारी लावली. पाणंद रस्ता त्याही पत्रकात होता, त्याच शब्दांत. शिवाय प्रत्येक ओळीसमोर ‘पदाधिकाऱ्यांचे उत्तर’ असा रकाना ठेवला आणि फलकावर लावण्यापूर्वी सात दिवस आधी मजकूर सरपंचांना लेखी देण्याची पद्धत सुरू केली. ही पद्धत पहिल्या दिवसापासून असायला हवी.

१८ ऑगस्ट. पंधरा ऑगस्टची सभा

गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिच्यात नवा विषय घेता येत नाही. आमचा आरओ यंत्राचा विषय मूळ विषयपत्रिकेत नव्हता, त्यामुळे तो ऑक्टोबरवर गेला. विषय लेखी देऊन पोच घेणे आणि नोटिशीत तो छापला गेल्याची खात्री करणे, ही दोन्ही कामे सभेच्या आधी संपवावीत.

२१ सप्टेंबर. आरओ यंत्र

कागदावर हे वचन पूर्ण आहे. देयक अदा झाले आहे आणि कार्यपूर्तीचा दाखला आहे. प्रत्यक्षात यंत्र बंद आहे, कारण देखभालीचा करार झालेलाच नाही. मोजमाप पुस्तिका हातात घेऊन ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांसमवेत प्रत्येक वस्तू तपासली. शेड, टाकी, पंप सर्व आहे. गैरव्यवहाराची कुजबुज गावात होती, ती निराधार असल्याचे लिहून दिले. वहीत मात्र ‘बांधले, चालू नाही’ असा नवा प्रकार करावा लागला. एकदा उद्घाटन झाले की वचन पूर्ण झाले असे समजले जाते, आणि त्यानंतर कोणीही विचारत नाही.

२ ऑक्टोबर. विकास आराखड्याची ग्रामसभा

दरवर्षी याच दिवसापासून पुढील आर्थिक वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करण्याची मोहीम सुरू होते. आराखड्यात नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा पैसा खर्च करता येत नाही, त्यामुळे जुन्या वचनांना पुन्हा जिवंत करण्याची हीच वेळ असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे राखून ठेवलेला होता आणि आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत होती. हे आकडे सभेत मांडल्यावर आरओ यंत्राच्या देखभालीसाठी तरतूद करण्याचे मान्य झाले. जुन्या आराखड्यांत काय लिहिले होते आणि किती खर्च झाला, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ते आम्ही छापून नेले होते.

पाणंद रस्ता आराखड्यात आला, पण दोन शेतकऱ्यांनी नकाशातील रस्त्यावर द्राक्षबागेचे खांब पुढे घेतले आहेत. मोजणी झाल्याशिवाय तेथे मुरूम पडणार नाही. ते दोघेही सत्ताधारी गटाचे मतदार आहेत आणि हे वचन दोन पॅनेलांनी दोन निवडणुकांत का पाळले नाही, याचे कारण कोणत्याही धारिकेत नसून त्या बांधावर आहे. सरपंचांनी मोजणीचा अर्ज करण्याचे सभेत कबूल केले व तसे इतिवृत्तात लिहून घेतले.

२८ डिसेंबर. आजची स्थिती

वस्तीवरील शेवटच्या टप्प्याची तपासणी झाली असून व्हॉल्व्ह बदलल्यावर निम्म्या घरांना दिवसाआड पाणी येते. उरलेल्या वाहिनीचे काम कंत्राटदाराचे देयक थकल्याने थांबले आहे. जलजीवनची देयके या वर्षी राज्यभर रखडली आहेत, आणि हे सरपंचांच्या हाताबाहेरचे असल्याचे फलकावर लिहिले आहे. प्रमाणपत्राचा ठराव अजून केलेला नाही. पाणंद रस्त्याच्या मोजणीचे शुल्क भरल्याची पावती मिळाली, तारीख मिळालेली नाही. तलावाच्या पाण्यासाठी मागणीचा ठराव या वर्षी प्रथमच झाला आणि जावक क्रमांकासह वहीत नोंदला. २०२३ व २०२४ मध्ये असा कोणताही ठराव झाला नव्हता, हे आता साक्षांकित उत्तरावरून स्पष्ट आहे, आणि त्या दोन वर्षांपुरते हे वचन आम्ही ‘मोडले’ असे लिहिले आहे. सरपंचांनी त्यापुढील रकान्यात स्वतःच्या हस्ताक्षरात ‘मान्य’ असे लिहून सही केली.

पहिल्या अर्जावरील द्वितीय अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे नव्वद दिवसांच्या मुदतीत दाखल केले असून सुनावणीची तारीख आलेली नाही. जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या निवडणुका समोर आहेत. त्यासाठी एक पानाचा कोरा नमुना तयार केला आहे : वचन, अधिकार कोणाचा, पैसा कोठून, पहिला कागद कोणत्या तारखेपर्यंत, आणि खाली उमेदवाराची सही. प्रचाराला गावात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला तो द्यायचा आणि सही न करणाऱ्यांची नावेही फलकावर लावायची, असे काल रात्रीच्या बैठकीत ठरले. छपाईचे पैसे आक्कांच्या बचत गटाने दिले आहेत.